दुसऱ्या कॅमेऱ्याचं काय करायचं

मी, खाली सही करणारी, वय सत्तेचाळीस, काम वन्यजीवांचे फोटो काढणं, आज पूर्ण शुद्धीवर असताना हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आहे तो मानेच्या पाचव्या आणि सहाव्या मणक्यांमधल्या नसेवर, आणि त्यासाठीच उद्या, गुरुवारी, माझं ऑपरेशन आहे. सर्जन म्हणाले, काळजीचं कारण नाही. हे ते माझ्याकडे नाही, घड्याळाकडे बघत म्हणाले, म्हणून हा कागद. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. केलं होतं असं कोणी म्हणालं तर खोटं समजावं.

कच्चा मसुदा वाचून वकीलबाईंनी दोनदा सांगितलं की हे मृत्युपत्र आहे, गाऱ्हाणं नाही. मी म्हटलं, माझ्याकडे सोनं नाही, जमीन नाही, गाऱ्हाणी वगळली तर पानसुद्धा भरणार नाही. त्यांनी हसू दाबलं आणि कलमांना आकडे घातले.

कलम १. माझी राहती जागा, दुसरा मजला, दोन खोल्या, लिफ्ट नाही, ही माझ्या भाचीला, म्हणजे थोरल्या भावाच्या मुलीला द्यावी. बँकेत जे उरेल तेही तिलाच. अंमलबजावणी दादाने करावी. तो वीस वर्षं मला सांगत आला आहे की ते कॅमेऱ्यांचे डबे एकदाचे भंगारात घाल. अंमलबजावणीत भंगारवाल्याला बोलावणं येत नाही, एवढं त्याने लक्षात घ्यावं.

कलम २. गाडीच्या खिडकीवर लेन्स टेकवायची माझी उशी वहिनीला. पूर्वी या उशीत घेवड्याचे दाणे असत. एकदा मी बाहेर असताना वहिनीने माझी जागा आवरली, उशी उसवली, दाणे निवडून डब्यात भरले आणि मी परतले त्या दिवशी तेच शिजवून सगळ्यांना वाढले. ते दाणे सहा वर्षं माझ्या कोपराखाली होते, हे मी जेवणं आटोपल्यावर सांगितलं. तेव्हापासून ती माझ्या घरात कशालाही हात लावत नाही. आता उशीत प्लास्टिकचे मणी आहेत. तिने ती निर्धास्त डोक्याखाली घ्यावी.

कलम ३. कपाटाच्या खालच्या खणात गळ्यात अडकवायचे अकरा पट्टे आहेत, कॅमेऱ्यांबरोबर फुकट आलेले. ते कोणालाही देऊ नयेत. कात्रीने कापावेत आणि मग टाकावेत. मोठी लेन्स लावलेला कॅमेरा पाच किलोला थोडा कमी, दुसरा दोन किलोला थोडा जास्त. हे सात किलो दोन बोटं रुंदीच्या पट्ट्यांवर मी चौदा वर्षं वाहिले. आधी दोन्ही गळ्यात. मग एक गळ्यात, एक खांद्यावर, आणि खांद्यावरचा दर शंभर पावलांवर कोपरात घसरायचा. मग छातीवर फुली मारून दोन्हीकडे. ही फुली ज्याने काढली त्याने कधी कुठल्या बाईला विचारलं नसावं. वाकलं की दोन्ही कॅमेरे पुढे येऊन एकमेकांवर आपटत, आणि जनावरं पळत. तक्रार केली की पुरुष मंडळी म्हणत, एकच कॅमेरा आण ना मग. हे सुचवणाऱ्यांच्या खांद्यांवर दोन-दोन असत.

कलम ४. माझ्या पाकिटात एक जुनं मेमरी कार्ड आहे, त्यावर ‘ओढा’ असं शाईने लिहिलेलं आहे. ते दुर्बीणला द्यावं. दुर्बीण हा माझा जुना कामातला जोडीदार. लांबचं त्याला सगळ्यांच्या आधी दिसायचं, म्हणून हे नाव.

सतरा वर्षांपूर्वी एका ओढ्याकाठी पाणमांजराच्या बिळासमोर मी सात दिवस बसून काढले. आठव्या दिवशी दुर्बीण सोबत होता. माझा खांदा इतका ठणकत होता की ते त्यालाही दिसलं. तो म्हणाला, "एक दे इकडे, मी धरतो." मी जवळच्या लेन्सचा दुसरा कॅमेरा त्याच्या गळ्यात घातला. दहा मिनिटांनी मादी पिल्लाला तोंडात धरून वर आली, माझ्या पायांपासून सहा फुटांवर. मोठ्या लेन्सला बारा फुटांच्या आतलं काही दिसत नाही, नुसता धूर दिसतो. दोन कॅमेरे बाळगायचे ते याच क्षणासाठी. लांब असलं तर हा, जवळ आलं तर तो. आणि तो दुर्बीणच्या गळ्यात होता. त्याने सात फोटो घेतले.

कार्ड माझं. फोटो उतरवून मीच त्याला दिले, दोघांची नावं येतील असं धरून. सातवा फोटो छापून आला, त्याला बक्षीस मिळालं, नाव दुर्बीणच्या एकट्याचं. मी त्याला म्हटलं, कॅमेरा माझा, लेन्स माझी, ओढा मी शोधलेला, सात दिवसांचे डास मला चावलेले. तो म्हणाला, "बटण मी दाबलं ना?" मी त्याच्याशी बोलणं टाकलं ते आजवर.

राग आला तो दुर्बीण चुकीचा होता म्हणून नाही, बरोबर होता म्हणून. आमच्या धंद्यात बटण दाबणाऱ्याचाच फोटो असतो. कॅमेरा माझ्याकडे परत यायला चार सेकंद लागले असते आणि मादी दोनच सेकंद थांबली. त्याच्या जागी मी असते तर मीही दाबलं असतं. हे लिहायला मला सतरा वर्षं आणि एक एमआरआय लागला.

दुर्बीणने या कार्डावरचा पहिला फोटो नीट बघावा. त्यात पाणमांजर कोपऱ्यात आहे, पुसट. मधोमध मी आहे. मोठी लेन्स छातीशी धरून चिखलात मागे मागे रेलणारी, सहा फुटांचे बारा करायला निघालेली. काम करतानाचा माझा तेवढा एकच फोटो आहे.

त्या दिवसानंतर कामावर असताना दुसरा कॅमेरा मी कोणाच्याही हातात दिला नाही. चढावर नाही, तापात नाही, खांदा निखळला तेव्हाही नाही. मान कशाने गेली, हे मला सर्जनांनी सांगायची गरज नाही.

कलम ५. कपाटाच्या दाराला टांगलेला पट्टा भाचीला. हा बाजारात मिळत नाही. तो बॅगवाल्या काकांनी शिवला आहे, जे आमच्या गल्लीच्या तोंडाशी दप्तरांचे बंद दुरुस्त करतात. सहा वर्षांपूर्वी मी तुटका पट्टा घेऊन गेले तेव्हा त्यांनी दोन्ही कॅमेरे हातात तोलले आणि विचारलं, "बाई, सात किलोचं पोर कोणी गळ्यात अडकवतं का? कडेवर घेतं ना?"

मला मूल नाही. एरवी कोणी असं बोललं असतं तर मी उठून आले असते. त्या दिवशी स्टुलावर बसून राहिले.

त्यांनी चार वेळा उसवून पाचव्यांदा शिवला. रुंद कमरपट्टा, कमरेच्या हाडावर टेकणारा. खांद्यांवर दोन बंद, पण ते वजन उचलत नाहीत, पट्ट्याला खाली सरकू देत नाहीत इतकंच. मोठी लेन्स उजवीकडे, तोंड खाली, आणि अडकवायची ती लेन्सच्याच पायाला, जो एरवी स्टँडवर बसवतात. कॅमेऱ्याला अडकवली तर सगळा भार कॅमेरा आणि लेन्सच्या जोडावर येतो. मी तसं करून एक जोड वाकवून घेतला आहे. दुसरा कॅमेरा डावीकडे. कडी निसटली तर म्हणून दोन्हींना एकेक जादा दोरी. आधी कमर आवळायची, मग खांदे. उलटं केलं की वजन पुन्हा मानेवर.

पहिल्या दिवशी मी चार तास चालले आणि घरी येऊन पट्ट्यासकट जेवायला बसले, लक्षातच आलं नाही. मग रडले. चौदा वर्षं उशीर झाला होता. एका दप्तर शिवणाऱ्याला दोन मिनिटांत दिसलेलं मोठमोठ्या कंपन्यांना कसं दिसलं नाही, याचं उत्तर मला कोणी दिलेलं नाही.

काकांची नजर आता कमी झाली आहे, म्हणून त्यांच्या नावे माझा भिंगाचा दिवा लिहिला होता. वकीलबाई म्हणाल्या, साक्षीदाराला काही ठेवता येत नाही. काका म्हणाले, "मग दिवा आज द्या. सही नंतर घ्या." दिवा दिला आहे.

कलम ६. ~~माझा दुसरा कॅमेरा जवळच्या लेन्ससह भाचीला द्यावा. मी मेले तर द्यावाच, पण मी जगले आणि उजव्या हाताच्या सुन्न तर्जनीत जीव परत आला नाही, तरीही द्यावा.~~ (खोडलं. सही.)

खोडाखोडीचा खुलासा, माझ्या अक्षरात. वकीलबाईंचं म्हणणं पडलं की मृत्युपत्र माणूस गेल्यावरच लागू होतं. बोट गेलेलं चालत नाही का, असं मी विचारलं. चालत नाही.

भाची चोवीस वर्षांची आहे. दोन वर्षं माझ्याबरोबर येते, पाणी आणि उशी वाहते. प्रत्येक चढावर विचारायची, आत्या, मी धरू? मी म्हणायची, नको. गेल्या महिन्यात तिने विचारणं बंद केलं. पुढच्या सोमवारपासून ती पासपोर्टच्या फोटोंच्या दुकानात लागते आहे. वहिनीकडे म्हणाली म्हणे, आत्याला वाटतं मी कॅमेरा घेऊन पळेन. हे ऐकल्यापासून मला ऑपरेशनची भीती दुसऱ्या नंबरची वाटते.

आज सह्यांसाठी सगळे जमले तेव्हा यादीशी ताडून बघायला मी कॅमेऱ्यांची बॅग कपाटातून काढायला गेले. हातातून सुटली. अर्धवट खणावर, अर्धवट माझ्या छातीवर. भाची तिथेच उभी होती, हात पाठीमागे बांधून. तिने विचारलं नाही. मी म्हटलं, "धर."

ती म्हणाली, "आत्ता, का तू गेल्यावर?"

"आत्ता. दुसरा तुझा."

काकांनी तिच्या कमरेला पट्टा बांधला, दोन्हीकडे कॅमेरे अडकवले. तिच्यासाठी सगळ्यात आतलं भोक लागलं. तिने डावीकडचा कॅमेरा उचलला, उजवीकडे मोठी लेन्स हललीसुद्धा नाही. सोमवारचं तिने काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. वस्तू हयातीत दिली गेल्यामुळे कलम ६ ची गरज उरलेली नाही.

सही वाकडी आली आहे. अंगठा आणि तर्जनी सुन्न आहेत, सही माझीच आहे.

ठिकाण : माझी पुढची खोली
दिनांक : ९ ऑक्टोबर, बुधवार, दुपारी चार

(सही) मृत्युपत्र करणारी

आमच्यासमोर तिने सही केली आणि एकमेकांसमोर आम्ही केल्या.

साक्षीदार १ : (सही) आमच्या घरच्या डॉक्टर. बाई पूर्ण शुद्धीवर आहेत, चिडलेल्या आहेत.
साक्षीदार २ : (सही) बॅगवाले काका

सोबत जोडलं आहे : सही करतानाचा माझा एक फोटो. काढला : भाचीने.