आईचं हिरवं लुगडं

शनिवार, नागभीड

अंगणवाडीच्या कामावरून आली अन् लगेच ट्रंक आवरायले घेतली. आईचं जुनं हिरवं लुगडं फरशी पुसायले काढलं, तर बाबांनी हातातून ओढूनच घेतलं. घडी करून मांडीवर ठेवलं. खाली एक कॅसेट निघाली. गुंतलेली फीत पेन्सिलीनं गुंडाळून टेपमध्ये लावली. तुटते का काय वाटलं, पण वाजली. आमच्या गावची दंडार, रातभर चालणारं नाचगाण्याचं नाटक, अन् त्यात एक बाई काय गोड गाऊन राह्यली.

"हे कोण व, आई?"

आई हसत सुटली. "तुहे बाबा. तवा दंडारीत बाईचं काम गडीच करत. लुगडं माहं."

बाबा? घरात धड दोन शब्द न बोलणारे? मी पाहतच राह्यली. तर त्यांनी तेच हिरवं लुगडं डोक्यावर घेतलं अन् त्याच बारीक आवाजात गायले. अजून अंगावर काटा आहे.

आई म्हणाली, "आता बाई झालेच आहा, त चहा मांडा."

बाबांनी पदर न काढता मांडला.