शिडाचा सदरा

चिखले, १२ फेब्रुवारी १९६३

चि. सदानंद यास हंसाआत्याचे अ. उ. आ.

तू परवा येऊन गेलास आणि गाव आमच्या ओटीवर लोटलं. मानेवर केस, गळ्यापर्यंत दाढी! बायको गरोदर असली की नवरा केस कापत नाही, एवढंच इथे ठाऊक. गंगीनं माशांची टोपली उतरवून विचारलं, सून कितव्या महिन्यात? मुंबईचे चित्रकार असेच राहतात म्हटलं, तर म्हणाली, मग तिथले न्हावी काय खातात?

दादाला, तुझ्या बापाला, मात्र तुझा सदरा मनाला लागला. त्याच्याच होडीच्या टाकलेल्या शिडाचा, तीन ठिगळांचा. म्हणाला, आम्ही ठिगळं लपवत जन्म काढला, हा मिरवतोय. नन्सच्या शाळेत जाताना मी झग्याचं ठिगळ पाटीनं झाकायची, ते त्यानं पाहिलंय रे. धड सदरा घालून आलास तरच दार उघडीन म्हणतो. बाळा, तेवढं ऐक.

तुझी हंसाआत्या

मुंबई, २० फेब्रुवारी १९६३

ती. हंसाआत्यास शि. सा. न.

आम्ही सहाजण एका खोलीत चित्रं काढतो, चटईवर झोपतो. इस्त्रीतलं साहेबी जगणं नको, म्हणून हा अवतार. पण सदरा थट्टेनं घातला नव्हता. त्याला अजून खाऱ्या पाण्याचा वास येतो. बाबांच्या दाभणाच्या टाक्यांसारखी सरळ रेघ आमच्या वर्गात कुणाला जमत नाही. हे त्यांच्यासमोर बोलता आलं नाही. नवा सदरा घातला तर मी खोटा होऊन येईन.

माया असू दे, सुकटही पाठव.

सदानंद

मुंबई, ९ नोव्हेंबर १९६४

ती. आत्यास शि. सा. न.

पावणेदोन वर्षं घर पाहिलं नाही. मध्ये केस कापले होते, आता पुन्हा वाढवलेत. या वेळी गंगीमावशीचं खरं आहे. जमनाला सहावा महिना. आमच्या नोंदणी लग्नाला तूच साक्षीला होतीस. तिच्या माहेरचं दारही बंद आहे. आम्ही घरी येऊ का, बाबांना विचारशील?

सदानंद

चिखले, १६ नोव्हेंबर १९६४

चि. सदानंद व सौ. जमना यांस अ. उ. आ.

पत्र दादाला वाचून दाखवलं, जुनं आणि नवं, दोन्ही. जाळं विणता विणता त्यानं एवढंच विचारलं, केस खरंच वाढवलेत ना? मग माळ्यावरून जुनं शीड काढलं आणि दोन दिवस बसून बाळाची झोळी शिवली. ठिगळ आतल्या बाजूला घे म्हटलं, तर माझ्यावरच खेकसला. बाहेरच राहू दे म्हणाला, पोराला आजोबाचा टाका दिसू दे.

जमनाला घेऊन लगेच निघ. तोच सदरा घालून ये. कुठे उसवला असेल तर तिथे कुणाकडे देऊ नकोस. दादानं दाभण बाहेरच ठेवलंय.

वाट पाहणारी,
हंसाआत्या