बावीस नावं

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा माझा राग गेलेला नाही. गेलेल्या माणसाशी भांडण्यात काही अर्थ नाही हे मलाही कळतं. पण या आठवड्यात जे झालं, त्यानंतर दुसऱ्या कुणाशी भांडावं ते सुचत नाही.

आधी माझं काम सांगते, कारण तुमच्या वेळी असलं काही नव्हतं. काल्हेरच्या गोदामांत रोजंदारीवर माणसं लागतात, माल उतरवायला, खोकी भरायला, स्टिकर लावायला. पूर्वी त्यासाठी सकाळी गेटवर झुंबड उडायची, आता वेबसाइटवर नाव टाकावं लागतं. सकाळी आठला दुसऱ्या दिवसाची यादी उघडते आणि ज्याचं नाव आधी त्याची शिफ्ट. यात मुकादमांनी लबाडी सुरू केली. माणूस बोटानं एक नाव टाकेपर्यंत त्यांचे प्रोग्राम, ज्यांना आम्ही बॉट म्हणतो, सगळ्या जागा भरून मोकळे होतात. मग त्या जागांवर कुणाला पाठवायचं हे मुकादम ठरवतो, म्हणजे बायाबापड्यांनी पुन्हा त्याच्यापुढे हात जोडायचे. वेबसाइटवर येणाऱ्यांत माणूस कोण आणि यंत्र कोण हे ओळखायचं आणि यंत्राला दारातच अडवायचं, ही माझी ड्युटी. मला तिचा अभिमान होता. मुकादमांचा संताप तर अजूनही येतो.

या आठवड्याच्या सुरुवातीला मी एक नवा नियम लावला. एकाच फोनवरून, एकसारख्या वेगानं, टाइप न करता नुसती चिकटवलेली पाचपेक्षा जास्त नावं आली, तर ते यंत्र समजायचं. पहिल्याच सकाळी ढीगभर नोंदी अडकल्या. साहेब खूश, मी खूश, मी सगळ्यांना चहा मागवला. दुपारी मैत्रिणीचा फोन आला. तुम्हाला ती आठवायला हवी, आमच्या पाड्यावरची, माझ्याच वर्गात होती.

"अगं, लाल पाटी आली," ती म्हणाली. "बावीसच्या बावीस नावं न्हाय घेतली. खाली चित्रं दाखवतंय, झेब्रा क्रॉसिंग निवडा म्हणून. ते काय असतं?"

मला तिथंच कळलं. आमच्या पाड्यावर धड चालणारा फोन एकच, तिचा. रेंज फक्त वरच्या पाण्याच्या टाकीपाशी, तीही येऊन-जाऊन. म्हणून ती आदल्या दिवशीच बायकांची नावं फोनमध्ये लिहून ठेवते आणि आठच्या ठोक्याला टाकीपाशी उभी राहून एकामागून एक चिकटवत जाते, रेंज जायच्या आत, हात थांबू न देता. यंत्रांना गाठायला तिनं स्वतःच शोधून काढलेली ही रीत, आणि ती मला माहीत होती. सुट्टीत गेले की मी तिच्या शेजारी तिथं उभी राहिलेली आहे. नियम लिहिताना मात्र मला पाडा आठवलाच नाही.

आणि मग तुम्ही आठवलात. सातवीचा वर्ग आहे. टेबलावर तुम्ही पाच पेपर मांडून ठेवलेत, पाड्यावरून येणाऱ्या आम्हा पाच मुलींचे. बाष्पीभवनाच्या उत्तरात पाचही जणी 'पाण्याची वाफ होऊन ती' एवढं लिहून थांबल्यात. "पाच डोकी एकाच शब्दावर थांबतात होय?" तुम्ही विचारता, आणि वर्ग हसतो. सर, आम्हा पाच जणींत पुस्तक एक होतं. त्या पानाची खालची कड वाळवीनं खाल्ली होती. ही मैत्रीण मोठ्यानं वाचायची, आम्ही पाठ करायचो, आणि त्यापुढचं पानावर नव्हतंच. पुस्तकं किती आहेत एवढं जरी तुम्ही विचारलं असतंत, तरी सगळा उलगडा झाला असता. पण तुम्हाला चोर पकडल्याचा आनंद झाला होता. तो कसा असतो ते आता मला चांगलं ठाऊक आहे.

तुम्ही म्हणालात, जी खरं सांगेल तिला पेपर पुन्हा लिहिता येईल. चौघी खाली मान घालून उभ्या. मी या मैत्रिणीकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, "हिचं बघून लिहिलं." तुम्ही माझी पाठ थोपटलीत. खरं बोलले म्हणून दुसऱ्या दिवशी नवी कंपासपेटी दिलीत. मैत्रीण पुन्हा शाळेत आली नाही, बापानं तिला वीटभट्टीवर नेलं. बारा वर्षांच्या पोरीचं खोटं तुम्हाला पटलं, कारण तुम्हाला तेच ऐकायचं होतं. हा राग मी आजवर तुमच्यावरच काढत आले. तुमच्यावर काढणं सोपं होतं.

साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, "बावीसच आहेत ना? चलता है यार, बॉट तर थांबले." मी त्यांच्यावर ओरडले, ऑफिसात पहिल्यांदाच. मग तिसऱ्या दिवशी कुणाला न विचारता तिच्या फोनला नियमातून सूट दिली. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. तीन दिवस बायका नाव नसतानाही आशेनं टेम्पोत बसून काल्हेरला आल्या आणि वॉचमननं त्यांना गेटवरूनच परत पाठवलं. चौथ्या दिवशी त्यांनी मुकादमाला नावं देऊन टाकली. ज्याला बाहेर ठेवायला मी सगळा खटाटोप केला, त्याच्याकडेच त्या माझ्यामुळे गेल्या.

शनिवारी मी मुद्दाम गेटवर गेले. बायका शिफ्ट संपवून टेम्पोची वाट बघत होत्या. मैत्रीण त्यांच्यापासून जरा बाजूला उभी होती. मला बघून एक म्हातारी म्हणाली, "हिला न्हाय जमत फोनचं. हिच्यापायी तीन दिवस गेटवरनं परत गेलो. आता हिच्याकडं कोन नाव देनार?" मैत्रिणीनं येऊन माझं मनगट धरलं. "तू सांग यांना. तू त्यातलीच हाय. माझी काय चूक हाय का?"

हे पत्र कुठल्याच पत्त्यावर जायचं नाही, म्हणून पुढचं लिहिते. नियम मी लिहिला, एवढंच मला म्हणायचं होतं. तेवढ्यासाठीच मी तिथवर गेले होते. सगळ्या जणी माझ्याकडे बघत होत्या, त्यांत माझी सख्खी काकूही होती.

मी म्हटलं, "तुझ्याकडूनच काहीतरी चुकीचं दाबलं गेलं असेल."

तिनं माझं मनगट सोडलं. "असंल," ती म्हणाली, "मी कुठं शिकलेली हाय."