मेलेल्यांची शिफारस

सोमवार, ३ जून

आज नोकरीचा पहिला दिवस, आणि मी दिवसभर हसून हसून गाल दुखवून घेतले. जून म्हणजे इथे ऐन हिवाळा, आणि लॉन्सेस्टन शहरात धुकं इतकं की नदीवरचा पूलही दिसेना. पण ऑफिस उबदार आहे, खिडकी माझ्या वाट्याला आलीय, खाली बेकरी आहे आणि तिथलं शिंपल्यांच्या सारणाचं गरम पॅटिस खाऊन जीव सुखावला. मालक ग्लेन पॅस्को स्वतः जिना उतरून न्यायला आला. म्हणाला, इथे साहेबबिहेब कुणी नाही, ग्लेन म्हणायचं, आणि चहा ज्याचा त्याने करायचा. माणूस मोठा गोड.

याच गोड माणसाने माझ्या आईला संपवलं.

डेलोरेन गावी आईचं कुत्र्यांचं पाळणाघर होतं. लोक परगावी निघाले की कुत्री तिच्याकडे सोडून जायचे. पलीकडच्या गावात दुसरं पाळणाघर निघालं आणि त्यांनी ग्लेनला गाठलं; लोकांच्या वेबसाइटी सर्चमध्ये वर-खाली करणं हाच याचा धंदा. याने जुगाराच्या आणि नागड्या चित्रांच्या हजारो पानांवरून आईच्या वेबसाइटकडे लिंका वळवल्या. असल्या संगतीत दिसली म्हणून सर्चमध्ये ती पार तळाला गेली. फोन वाजेनासा झाला. आई रोज रिसीव्हर उचलून लाइन चालू आहे ना ते बघायची. गेल्या हिवाळ्यात ती गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी म्हणते, ग्लेन.

मी वडिलांचं आडनाव लावते, त्यामुळे त्याला पत्ताच नाही. त्याला मातीत घालायला आले आहे. आज झोप छान लागेल.

बुधवार, ५ जून

काम शिकवायला नेरिडा आहे. पन्नाशीची, टेबलावर विणकामाच्या सुया, तोंड फटकळ. तिने सांगितलं ते असं: अगं बाई, पबमध्ये लोक प्लंबर कसा शोधतात? प्लंबर स्वतःबद्दल काय बरळतो ते कोण ऐकतंय! कोपऱ्यातले चार म्हातारे कुणाचं नाव घेतात ते ऐकतात. लिंक म्हणजे तेच. जुन्या, भल्या वेबसाइटींनी तुझ्याकडे बोट दाखवलं की सर्च तुला वर बसवतं. फरक एवढाच, की आपल्या ग्लेनचे म्हातारे सगळे मेलेले आहेत.

तिला वाटलं मी हसेन. मी हसलेसुद्धा.

माणूस मरतो, त्याच्या वेबसाइटच्या नावाचं भाडं भरायला कुणी उरत नाही, नाव मोकळं होतं. ते ग्लेन उचलतो. जुनी पानं होती तशी परत लावतो आणि मधेच एखाद्या ओळीत आपल्या गिऱ्हाइकाची लिंक सरकवतो. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच. आज मी ऑर्चर्ड नावाच्या एका मास्तरांच्या पक्ष्यांच्या पानावर छपरं दुरुस्त करणाऱ्या डॅरेलची लिंक घातली. मास्तरांनी रॉबिन पक्ष्याबद्दल फार मायेने लिहिलं होतं. मला जरा कसंसंच झालं.

शुक्रवार, १४ जून

डॅरेल पहिल्या पानावर! ग्लेनने सगळ्यांना लॅमिंग्टन केक वाटले आणि माझी पाठ थोपटली. पाठ अजून धुवावीशी वाटतेय.

दुपारी डॅरेलचा फोन आला, शिव्यांची लाखोली वाहत. म्हणे, कामं खूप येतायत, पण ही कसली माणसं पाठवता? छप्पर गळतंय म्हणून बोलावतात, आपण शिडी घेऊन जावं तर शेजारी म्हणतो, बाबा, ती बाई कधीच वारली. नेरिडाने विणकाम खाली ठेवलं.

मंगळवार, १८ जून

डॅरेल गेला. एका रिकाम्या घराच्या छपरावरून पडला. तिथे तो चढला कशाला, कुणालाच माहीत नाही.

नेरिडाने मला जिन्यात गाठलं. मी यायच्या आधी गालिचे धुणारी एक बाई गिऱ्हाईक होती. तिचीही शिफारस अशाच एका पानावरून केलेली, तिलाही असेच फोन आले, तीही गेली. मेलेली माणसं ज्याचं नाव घेतात, त्याच्याकडे गिऱ्हाइकंही मेलेलीच येतात, असं नेरिडा म्हणाली. ग्लेनला सांगितलं तर तो खो खो हसला होता. म्हणून नेरिडा जी माणसं आवडतात त्यांची कामंच घेत नाही. मला म्हणाली, पोरी, तू नवी आहेस, वेळेत सटक.

मी घाबरायला हवं होतं. पण मला इतका आनंद झाला, की जिन्याचा कठडा धरून उभी राहिले.

गुरुवार, २० जून

ग्लेनने आज नवं काम दिलं. कपाटातून जुनं भांडं काढून द्यावं तसं आईच्या वेबसाइटचं नाव माझ्यापुढे ठेवलं. आई गेल्यावर ते मोकळं झालं आणि यानेच उचललं. आता त्यावरून कुणाकडे लिंक द्यायची? त्याच पलीकडच्या पाळणाघराकडे! वर मला म्हणतो कसा, म्हातारीचं नाव चांगलं होतं गं, वाया कशाला घालवायचं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळी पानं एका झटक्यात होती तशी उभी केली. वाचवेनात, म्हणून वाचली नाहीत. आणि प्रत्येक पानावर लिंक घातली ती ग्लेन पॅस्कोच्या स्वतःच्या पानाची.

घे आई. हा घे.

सोमवार, २४ जून

ग्लेन वर चढतोय. त्याचा फोन थांबत नाही. उचलला की कुणी बोलत नाही, नुसती कुत्री भुंकतात. आधी थट्टा करत होता. आज मनगटाला पट्टी बांधून आला, चेहरा पिठासारखा. विचारत होता, घराच्या दारावर रोज ओरखडे कुठून येतात?

मी त्याला चहा करून दिला. इथला नियम मोडून.

शुक्रवार, २८ जून

ग्लेन मिळाला, मेलेला. नदीच्या घळीत, पायवाटेच्या खाली, खडकांत. पोलीस म्हणतात, धुक्यात पाय घसरला. गळ्यावर साखळीचा वळ आहे म्हणे, कुत्र्याला बांधतात तशा साखळीचा.

घरी येऊन मी स्वयंपाकघरात नाचले. आई, फिटलं गं.

रविवार, ३० जून

आईची वेबसाइट बंद करायला बसले. बंद करण्याआधी एकदा वाचावी म्हटलं. शेवटचं पान, ‘माझ्याविषयी’. आईचा फोटो, मांडीवर आमचा बिस्किट, आईच्या आधीच गेलेला कुत्रा. खाली तिने लिहिलंय: माझी टॅमसिन कुत्र्यांची चित्रं काढते. तिच्यासारखी दुसरी शोधून सापडणार नाही. जरूर भेटा तिला.

खाली लिंक. माझ्या चित्रांच्या पानाची. आईने तेव्हा स्वतः घातलेली. आणि मी परत लावलेली.

सर्च करून पाहिलं. मी सगळ्यात वर आहे.

सोमवार, १ जुलै

लिंक काढली. परत आली. पूर्ण वेबसाइट पुसली. परत आली.

फोन. एक म्हातारे गृहस्थ, फार अदबीने बोलत होते. चित्र काढून हवंय, कुत्र्याचं नाही, रॉबिन पक्ष्याचं चालेल का? नाव विचारलं. ऑर्चर्ड.

नेरिडा फोन उचलत नाही. तिने सांगितलं होतं, सटक —

मंगळवार

धुकं खिडकीला चिकटलंय. दारावर नखं. शेपट्या लाकडावर आपटतात. ओळखते मी हा आवाज —

बिस्किट आहे त्यांत.

दुपार

जिना भरलाय. पावलं. कुजबुज. रांगेत उभे असल्यासारखे —

आई आहे. आईचाच आवाज. रागावलेली नाही. मला वाटलं होतं ती फक्त ग्लेनसाठी —

आई, नको ना. माझं नाव नको घेऊ —

ती ऐकत नाहीये. केवढ्या कौतुकाने सांगतेय त्यांना. लाजू नका, या, आत या, माझी मुलगी कुणाला नाही म्हणणार नाही —