डक्टखालची तोटी

मंगळवार, बारामती. संध्याकाळ.

इंदापूर रोडवरच्या मंगल कार्यालयात आग विझवायचे स्प्रिंकलर बसवायचं काम आज संपलं, पण ती एक तोटी डोक्यातून जात नाही. एसीचा डक्ट, म्हणजे छताखालून गेलेला हवेचा पत्र्याचा बोगदा, चांगला चार फूट रुंद. आग लागली तर छतावरच्या स्प्रिंकलरचं पाणी त्याच्यावरच अडणार, खाली थेंब पडायचा नाही. म्हणून डक्टच्या खालीही मी एक तोटी बसवली होती. मालक तात्या वर बघून म्हणाले, "ही मधीच लोंबतीया. लग्नाच्या शूटिंगमदी हीच दिसंल. काढ."

"तात्या, खाली बायका बसत्यात."

"मग? आजवर कधी काय झालंय व्हय हितं?"

काढली. पाइपाला बूच मारलं. भांडायला हवं होतं. का नाही भांडलो? पुढचं काम जाईल म्हणून? की नुसताच कंटाळा?

घरी आलो तर चुलतबहिणीच्या पोरीची लग्नपत्रिका आलेली. कार्यालय तेच. तोटीचं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात आई खुशीत म्हणाली, "मी आपली त्या एसीखालीच बसणार. तितं गार लागतं."

मी पत्रिका वाचत राहिलो.