बाबांचा पसरलेला हात

१४ डिसेंबर १९५२, यादवपूर

कॉलनीतला शिबतोष आला होता. मुंबईहून आलेल्या सिनेमावाल्यांकडे त्याला मदतनिसाचं काम मिळालंय — स्वारी हवेत! म्हणे, "साहेबांनी इटलीतला एक सिनेमा पाहिला आणि वेडेच झाले. रंगवलेले पडदे नकोत, खरा रस्ता हवा, खरी माणसं हवीत. कॅमेरा मोटारीत लपवायचा!" गोष्ट हिंदीत, कलकत्त्यात येऊन भरडल्या जाणाऱ्या शेतकऱ्याची.

त्याला बाबा हवेत. मोठ्या पोस्टाबाहेर बसून ते लोकांची पत्रं लिहून देतात, तसेच.

बाबा म्हणाले, "फाळणीआधी बारिशालचा पोस्टमास्तर होतो मी. अब्रू जाईल असं काही दाखवणार नाहीस ना?"

"काकाबाबू, तुमच्या पायांची शपथ."

२१ डिसेंबर

झालं चित्रण. कॅमेरा कधी फिरला, बाबांना कळलंसुद्धा नाही!

१२ मार्च १९५३

शिबतोषनं लग्नाचं विचारलं. मी हो म्हटलं. बाबांना अजून सांगितलेलं नाही.

४ ऑक्टोबर

सिनेमा पाहिला. बाबांना ताप होता, म्हणून मावशीला, मालतीमाशीला, घेऊन गेले. आमची सगळी निर्वासितांची कॉलनीच लोटली होती.

पत्रं नाहीत. दौत नाही. पोस्ट नाही. सियालदा स्टेशनच्या फाटकाशी बाबा उभे — आणि त्यांचा हात पसरलेला. एक बाबू न बघता पुढे जातो. हात तसाच.

मालतीमाशी ओरडली, "अगो निरू, हे तर तुझे बाबा!" मागे कुणी बाई हुंदके देत होती. आमच्या अब्रूवर रडायला तिकीट काढलं होतं तिनं!

५ ऑक्टोबर

शिबतोषला गाठलं.

"हात पसरायला का लावलंत त्यांना?"

"मी नाही लावलं."

"मग साहेबांनी?"

तो जायला वळला.

"शपथ घेतली होतीत त्यांच्या पायांची! बोला ना!"

खाली बघून म्हणाला, "मला विचारू नकोस, निरू." एवढंच! मी म्हटलं, आमच्या दारात पुन्हा पाऊल टाकू नका. लग्नाचं तर नावच नको. तो गेला. खरी माणसं हवी होती ना त्यांना? मिळाली फुकटात.

६ ऑक्टोबर

बाबांना काही कळू द्यायचं नाही. मालतीमाशीलाही बजावलंय.

९ ऑक्टोबर

शिबतोष परवाच मुंबईला गेला म्हणे. बरं झालं, बाबांना म्हटलं मी. बाबा उठून बसले, माझ्या लहानपणीच्या नावानं हाक मारून म्हणाले,

"खुकी, पत्रं लिहून घ्यायला पहिल्या महिन्यानंतर कुणी येतच नव्हतं गं. मी सियालदाला उभा राहायचो. मोटारीतल्या कॅमेऱ्यानं गर्दी टिपली, तीत मी सापडलो. शिबतोष रडत आला माझ्याकडे. म्हणाला, साहेबांच्या पाया पडून तो तुकडा काढायला लावतो. मीच म्हटलं, राहू दे, खरं आहे ते. फक्त खुकीला सांगू नकोस."