गव्हाणीचं लाकूड

२८ डिसेंबर

प्रिय दादा,

सप्रेम सलाम. तुझी पत्रं पोचली. उत्तर द्यायचं राहूनच गेलं, रागावू नकोस. आम्ही बरे आहोत. थंडीत यांचा गुडघा कुरकुरतो, तरी कारखान्यात जाऊन दिवसभर दारांना रंधा मारत असतात. वहिनीला सांग, तिने पाठवलेली लोकर स्वेटरला पुरून उरली.

यंदा चर्चच्या नाटकाचे कपडे मीच शिवले. देवदूताचा झगा इतका लांब झाला की रंगीत तालमीत मरीयेला निरोप सांगायच्या आधीच तो तोंडावर आपटला. "पंख आले की चालायचं विसरतात," पाळकबाई म्हणाल्या. मलाही हसू आलं. आलं आणि लगेच अपराध्यासारखं वाटलं.

मंचावर गव्हाणी ठेवली होती. ती यांनी बनवली हे मला ठाऊक होतं. कारखान्यातल्या उरल्यासुरल्या तुकड्यांची असेल, असं वाटलं होतं. पेंढा सारखा करायला हात घातला, तर वरच्या दांड्यावर दातांच्या खुणा लागल्या.

दादा, ती आपल्या ठकीची कठड्याची खाट होती. दात येत होते तेव्हा उभी राहून ती तो दांडा कुरतडायची, तू पाहिलं आहेस. मार्चमध्ये तापाने ती गेली तेव्हापासून खाट माळ्यावर होती. मी तिथेच खाली बसले.

भांडायच्या तयारीनेच घरी आले. मला न विचारता खाट मोडलीच कशी, म्हटलं. हे म्हणाले, "घरात बघवत नव्हती आणि जाळवतही नव्हती. म्हटलं, कुणाचं तरी बाळ निजेल तिच्यात." लेक गेली तेव्हा हा माणूस माझ्यासमोर रडला नव्हता. त्या दिवशी रडला. माझं भांडण तोंडातच राहिलं.

नाताळच्या सकाळी आमच्या पाळकांनी सांगितलं, की धर्मशाळेत जागा नसणं, तो तारा, ती गव्हाणी, सगळं देवाच्या हेतूत आधीपासून होतं. ठकी गेल्यावर तूही हेच लिहिलं होतंस, यातही त्याचा हेतू असेल. खरं सांगते दादा, उत्तर द्यायचं राहून वगैरे काही गेलं नाही. तुला लिहवलंच नाही.

उपासना झाल्यावर मी पाळकांना गाठलं. "हेरोद राजाचे शिपाई तान्ही पोरं मारायला यायच्या आधी देवाने योसेफाला स्वप्नात सांगितलं, पळ. गावातल्या बाकीच्या बापांना का नाही सांगितलं?"

मला वाटलं, आता समजावतील. ते म्हणाले, "मला माहीत नाही. मीही विचारतो त्याला." मग हळूच म्हणाले, त्या आयांचा आकांत गोष्टीतून कुणी गाळला नाही, आणि त्या वेळी वाचलेलं बाळही पुढे आईच्या डोळ्यांदेखत मारलंच गेलं. क्रुसाखाली उभ्या असलेल्या मरीयेला कुणी हेतू समजावला असता, तर तिला तो ऐकू तरी आला असता का, याचाच विचार करत मी घरी आले.

मी देवाला सोडलेलं नाही. रोज प्रार्थनेला बसते, पण बोलत नाही. तोही बोलत नाही. नुसते बसतो दोघं.

संध्याकाळी नाटक झालं. शेजारणीचं बाळ गव्हाणीत ठेवलं होतं. मेंढपाळांनी एवढा गोंधळ घातला तरी ते ढिम्म हललं नाही, गाढ झोपलेलं. आम्ही मागे भिंतीला टेकून उभे होतो. सगळे गेल्यावर यांनी विचारलं, घरी न्यायची का. मी म्हटलं, असू दे इथेच.

तू येतो म्हणतोस, तर ये. ठकीला ठेवलं तिथे मला अजून एकटीला जाववत नाही. तू बरोबर चल. फक्त तिथे मला काही सांगू नकोस. प्रार्थनासुद्धा मोठ्याने करू नकोस. रडू आलं तर रड.

वाट बघते.

अजून न सावरलेली,
तुझी धाकटी